कुलाब्याची सुई

मे २०२४ मध्ये ती छायाचित्रं तुमच्याही मोबाइलवर आली असतील. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेवरचं आभाळ रात्री तांबडं झालं होतं. सूर्यावरून आलेलं वादळ १० मेला पृथ्वीवर आदळलं आणि एरवी ध्रुवांजवळ दिसणारा प्रकाश, ज्याला आपण अरोरा म्हणतो, तो हिमालयापलीकडे उतरला. त्या आठवड्यात अंबरनाथच्या फलाटावर एका मित्रानं मला छेडलं, "काय शायर, आपल्याकडे कधी?" गावाच्या नावातच अंबर आहे, तेव्हा प्रश्न रास्त होता.

तर उत्तर असं, की एकदा येऊन गेला आहे.

रविवार, ४ फेब्रुवारी १८७२. मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'नं दोन दिवसांनी बातमी छापली. सूर्यास्तानंतर आकाशात फिकट उजेड दिसला, रंग बदलत राहिला, पहाटे तीनच्या सुमारास तो गडद जांभळा झाला आणि उजाडेपर्यंत दिसत राहिला. दोनच वर्षांपूर्वी मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून टाकलेल्या तारेवरचे संदेशही त्या रात्री अडखळले.

आमच्या घरी सूर्यास्तानंतरच्या लालीला शफक म्हणतात. ती विझली की इशाच्या नमाजाची वेळ होते. लहानपणापासून मी ती लाली विझताना पाहत आलोय, म्हणून ही बातमी वाचल्यापासून एक विचार सुटत नाही. त्या रात्री मुंबईतल्या एखाद्या मशिदीच्या गच्चीवर उभा असलेला माणूस काय समजला असेल? मावळतीची लाली गेली आणि आभाळ पुन्हा रंगू लागलं!

मी बी.ए. झालेला माणूस; विज्ञान जेवढं समजलं तेवढंच सांगतो. सूर्य अधूनमधून विद्युतभारित कणांचा प्रचंड लोट फेकतो. त्या लोटाला स्वतःचं चुंबकत्व असतं. त्याची दिशा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट असली, की आपलं कवच जणू कडी काढल्यासारखं उघडतं. पृथ्वीभोवती अफाट विद्युतप्रवाह वाहू लागतात आणि ध्रुवांभोवतीचं प्रकाशाचं कडं पसरत विषुववृत्ताकडे सरकतं. प्राणवायूचे अणू शंभर-दीडशे किलोमीटरवर हिरवे उजळतात, दोनशेच्या वर तांबडे. मधल्या इमारतींमुळे आपल्याला मलंगगडाचा नुसता माथा दिसतो ना, तसं पृथ्वीच्या गोलाईमुळे लांबच्या माणसाला फक्त वरचा, तांबडा भाग दिसतो. आपण तर फारच लांब. मुंबईचा अक्षांश १९, पण चुंबकीय ध्रुवापासून मोजला तर जेमतेम १०.

मला स्वतःला मात्र १८७२ च्या रंगांपेक्षा त्याआधीची एक गोष्ट मोठी वाटते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलवेत्त्यानं सूर्यावर एक लखलखाट पाहिला. साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर पोचलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, क्यूबापर्यंत आभाळ लाल झालं. मुंबईत मात्र तेव्हा दिवस होता. रंग असते तरी दिसले नसते. पण कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबक टांगलेला होता आणि त्याच्याकडे पाहणारा माणूस जागेवर होता. एरवी तासाला एक नोंद. सुई बिथरली की दर काही मिनिटांनी. इथलं जमिनीला समांतर असणारं चुंबकीय बल साधारण ३८,००० नॅनोटेस्ला. त्यातले तब्बल १६०० काही वेळापुरते नाहीसे झाले! २०२४ च्या वादळाचा जगभरच्या सरासरीचा आकडा चारशेच्या आसपास होता, यावरून अंदाज करा.

युरोपातल्या कित्येक यंत्रांच्या रेषा त्या दिवशी कागदाबाहेर गेल्या. आपल्याकडची वही शाबूत राहिली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांनी आपल्याकडच्या गुरबक्ष लखिना, सोभना अलेक्स यांच्यासह ते आकडे पुन्हा मांडले, तेव्हापासून त्या वादळाची ताकद ठरवताना जग कुलाब्याचं पान उघडतं. डोळ्यांना काहीच दिसत नसताना कुणीतरी शाईत बुडवून टाक चालवत राहिला. कवितेच्या वह्या भरणाऱ्या माणसाला याचा हेवा वाटणारच.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेमुळे सुई बिघडणार, म्हणून संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला, लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत नेलं. दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. ट्राम १९०७ ला धावली. आता ट्राम नाही, अलिबागची सुई आहे.

आज तसा लोट आला तर? मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळानं नऊ तास घालवली होती, आणि ते १८५९ च्या मानानं लहान होतं. आपण विषुववृत्ताजवळ असल्यानं तारांना धोका कमी, पण उपग्रह सगळ्यांचेच. आणि खरंच आपल्या आभाळात रंग आला तर? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठल्याही गच्चीवरून उत्तर लाल दिसली की पहिला प्रश्न येईल, "कुठली कंपनी पेटली?" इथल्या माणसानं रसायनांच्या आगी पाहिल्या आहेत, त्याला हसू नये. रोमच्या टायबेरियस बादशहाच्या काळात असाच उजेड पाहून ऑस्टिया गावाला आग लागली समजून सैन्य धावत गेलं होतं. सेनेकानं ते लिहून ठेवलंय.

आता पहाऱ्याला आपलं 'आदित्य एल-१' आहे. ते निघालं २ सप्टेंबर २०२३ ला, कुलाब्याच्या त्या नोंदीच्या तारखेलाच. योगायोग, दुसरं काय. सूर्यावर स्फोट झाला हे आधी कळतं, पण लोटाच्या चुंबकत्वाची दिशा तो अंगावरून गेल्याशिवाय नक्की कळत नाही. आदित्य आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर आहे. साधं वादळ तिथून इथे यायला अर्धा-पाऊण तास घेतं. १८५९ सारखं आलं तर दहा-अकरा मिनिटं. अंबरनाथहून सुटलेली लोकल बदलापूरला पोचते, साधारण तेवढा वेळ. वेळेवर असली तर.