पावसातले अंतर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांची सूचना होती की ज्याने त्याने आपल्या कामाबद्दल बोलावे. डॉक्टर मंडळींनी हृदयाबद्दल सांगितले, बँकवाल्यांनी व्याजाबद्दल. आता मी पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेबद्दल बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही जण चहाच्या टेबलाकडे बघू लागले आहेत, हे मला इथून दिसते आहे. मागच्या रांगेची सवय अजून गेलेली नाही! थोडे थांबा, लांबवणार नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी गटविकास अधिकारी म्हणून नोकरी केली. त्यातली काही वर्षे सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेली. बदलीचा आदेश आला तेव्हा आपल्याच वर्गातल्या एका सिंधी मैत्रिणीने मला विचारले, "सिंधुदुर्ग मतलब हमारे सिंध जैसा कुछ?" जरीपटक्यात फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांत वाढलेल्या मुलीने हे विचारणे साहजिकच होते. पण इथला 'सिंधु' म्हणजे समुद्र. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचे काम सुरू केले, त्याच्या नावावरून जिल्ह्याचे नाव पडले.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला अरबी समुद्र, मधे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. उत्तरेला विजयदुर्गची वाघोटण खाडी, दक्षिणेला गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल. किनारा सुमारे 121 किलोमीटरचा. आठ तालुके: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी आणि दोडामार्ग. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 होती. त्याच वेळी आपल्या नागपूर शहराची 24 लाखांवर होती. म्हणजे आपल्या शहराच्या साधारण एक तृतीयांश माणसे, तीही 5,207 चौरस किलोमीटरवर पसरलेली, आणि दर आठांतली सात खेड्यांत राहणारी.

खेडे हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. आपल्याकडचे खेडे म्हणजे गावठाण. घराला घर लागून, मधे मारुतीचे देऊळ, एक शाळा, बाहेर शेती आणि शेतात जाणारी पांदण. एक टाकी बांधली की गावाला पाणी मिळते. तळकोकणातले गाव तसे नसते. ते दहा-बारा वाड्यांचे असते. एक वाडी डोंगराच्या उतारावर, दुसरी सड्यापलीकडे, तिसरी खाडीकाठी. महसुली नोंदीत गाव एकच, ग्रामपंचायत एकच, पण पहिल्या वाडीपासून शेवटच्या वाडीपर्यंत पाच-सात किलोमीटर चालावे लागते. प्रत्येक वाडीला रस्ता वेगळा, विहीर वेगळी, नळाची लाइन वेगळी. आणि वाड्यांच्या मधून वाहणारे व्हाळ, म्हणजे ओढे. ते ओलांडायला छोटा पूल लागतो, त्याला तिकडे साकव म्हणतात. विदर्भात इतकी वर्षे नोकरी करून हा शब्द माझ्या कानावर आला नव्हता. तिकडे पहिल्याच महिन्यात माझ्या टेबलावर साकवांच्या मागणीचे अर्ज आले.

पावसाचेही तसेच. नागपूरला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिकडे तीन हजारांच्या वर, आणि घाटमाथ्यावरच्या आंबोलीला तर सात हजारांच्याही पुढे. मग एप्रिलमध्ये वाडीवर पाणीटंचाई कशी? जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही आणि नद्या उतारावरून काही तासांत समुद्र गाठतात. आपल्या पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव पाऊस साठवून ठेवतात. तशी सोय त्या उतारावर सहज होत नाही. म्हणून पाऊस ओसरला की ग्रामपंचायती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून व्हाळावर वनराई बंधारे घालतात. पुढच्या पावसात ते वाहून जातात, पुन्हा घालावे लागतात. काम दरवर्षीचे, श्रमदानाचे, पण त्यावर वायंगणी शेती आणि विहिरी तगतात.

आता मुद्द्यावर येते. सरकारी योजना चालतात निकषांवर, आणि बहुतेक निकष माणसे मोजतात. इतक्या लोकसंख्येला इतका निधी, इतक्या मुलांना इतके शिक्षक. गावठाणाच्या प्रदेशात हे हिशेब बऱ्यापैकी जुळतात. वाड्यांच्या प्रदेशात ते कोलमडतात, कारण तिथे खर्च वाढतो तो अंतराने. नऊ घरांच्या वाडीला साकव हवा असेल तर कागदावर माणशी खर्च डोळे फिरवणारा येतो. पण त्या नऊ घरांतल्या बाळंतिणीला जुलै महिन्यात दवाखान्यात न्यायचे कसे, हे त्या रकान्यात दिसत नाही.

एक अनुभव सांगते. एका वाडीतली शाळा कमी पटाच्या यादीत आली. मुले सात. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी लागते, आणि शेजारच्या वाडीतली शाळा नकाशावर त्याच्या आतच होती. म्हणजे समायोजनाला हरकत दिसत नव्हती. पंचायत समितीच्या सदस्य असलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. साधारण साठीच्या, बागायतदार घरातल्या. म्हणाल्या, "मॅडम, ह्यां उन्हाळ्यातलां अंतर झालां. पावसातलां मोजा." जुलैमध्ये आम्ही दोघी आणि केंद्रप्रमुख, छत्र्या घेऊन निघालो. मधला व्हाळ छातीइतका भरलेला. पुलावरून वळसा घालून गेलो तर अंतर भरले जवळपास चार किलोमीटर. पहिलीतल्या पोराने हे रोज चालायचे! तसा अहवाल गेला, शाळा राहिली. पुढे तीन वर्षांनी तिथे साकवही झाला.

हे मी अधिकाऱ्याचे कौतुक म्हणून सांगत नाही. तो व्हाळ माझ्या कोणत्याही फाइलमध्ये नव्हता. तो त्या बाईंना ठाऊक होता, कारण त्या तिथल्या होत्या, निवडून आलेल्या होत्या आणि पुढच्या वेळी त्याच वाडीत मते मागायला त्यांना जायचे होते. महाराष्ट्रात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या याचसाठी.

जिल्हासुद्धा अंतरामुळेच झाला. 1 मे 1981 पूर्वी हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सावंतवाडीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागे. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998 मध्ये, म्हणजे तेव्हा भरवसा फक्त एस.टी.वर. नव्या जिल्ह्याचे ठाणे कणकवली आणि कुडाळ यांच्या मधे, ओरोसला बसवले. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की तिथे सामसूम होते, पण आठही तालुक्यांच्या माणसाला सकाळी निघून रात्री घरी परतता येते.

इंग्लंडच्या उत्तरेला कम्ब्रिया नावाचा असाच डोंगर आणि समुद्राच्या मधला प्रदेश आहे. तिथे उलटे घडले. 1 एप्रिल 2023 ला तिथली काउंटी कौन्सिल आणि तिच्या हद्दीतल्या सहा जिल्हा कौन्सिल बरखास्त करून दोनच मोठ्या कौन्सिल केल्या. म्हणजे प्रश्न सगळीकडे एकच आहे: कारभार माणसापासून किती लांब असावा? उत्तर मात्र कधी खर्चाकडे झुकते, कधी माणसाकडे.

सिंधुदुर्गला आज काळजी आहे ती घटत्या लोकसंख्येची. 2001 मध्ये 8,68,825 असलेली संख्या दहा वर्षांत कमी झाली. तरुण मुंबईला, गोव्याला जातात. गणपतीला चाकरमानी आले की घरे भरतात, मग पुन्हा कुलूप. मतदारसंघांच्या फेररचनेत विधानसभेच्या चार जागांच्या तीन झाल्या. जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या कायद्याने किमान 50 ठेवलेली आहे, म्हणून ती तेवढी टिकून आहे. माणसे घटली म्हणून आवाज घटला, पण व्हाळ तेवढेच आहेत, रस्ते तेवढेच लांब आहेत.

आणि त्यात मार्च 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला, तो तीन वर्षांहून जास्त काळ तसाच राहिला. नागपूर महानगरपालिकेचेही त्याच महिन्यापासून तेच झाले, हे तुम्ही जरीपटक्यात अनुभवले आहे. मी आयुष्यभर प्रशासनाच्या बाजूने बसले, म्हणून जबाबदारीने सांगते: प्रशासक प्रामाणिक असेल, कामाला वेगवानही असेल, पण त्याला पावसातले अंतर कोणी येऊन सांगत नाही. ते सांगणारा माणूस निवडून यावा लागतो. नगरसेवकाला नावे ठेवणे सोपे आहे. गटार तुंबल्यावर रात्री फोन कोणाला करायचा, हे तो नसला की कळते.

आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, बंगळुरूत, परदेशात आहेत. इथे जे आहेत त्यांना माझी एवढीच विनंती आहे. विधानसभा-लोकसभेच्या मतदानाला आपण नटूनथटून जातो, फोटो टाकतो. प्रभागाच्या मतदानाला मात्र सुट्टी साजरी करतो. ती सुट्टी घेऊ नका. ज्या गावी तुमची शेती असेल, तिथल्या ग्रामसभेला वर्षातून एकदा तरी जाऊन बसा. आणि आपल्या शिक्षकांना विनंती, नागरिकशास्त्राचा धडा शिकवताना भूगोलाचा नकाशा भिंतीवर राहू द्या. परीक्षेत हे दोन विषय वेगळे असतील, गावात ते वेगळे नसतात.

चहा निवला नसेल अशी आशा आहे.  थांबते.