माहेरी खोकला का थांबतो?



पत्रिकेत विषय 'घरातील बुरशी आणि आरोग्य' असा छापला आहे. बुरशी म्हणजे काय, ती हवेतून कशी पसरते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. शिंका, वाहणारं नाक, उफाळणारा दमा हेही तुम्हाला ठाऊक आहे. मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. खोकला आणि धाप घेऊन आलेल्या माणसाला 'घराबाहेर गेल्यावर बरं वाटतं का?' हे विचारल्याशिवाय डॉक्टरनं कागदावर निदान लिहू नये.

मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, बुरशी कोकणात. अकोल्यात उन्हानं भिंती तडकतात, इथं हे व्याख्यान कशाला?" [हशा] त्या उन्हापायीच आपण घरोघरी खिडकीत कूलर बसवतो. ओलं गवत, टाकीत साठलेलं पाणी आणि त्यातून येणारा वारा थेट उशाशी. बुरशीला आणखी काय हवं?

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेर. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. एक्स-रेत डाग दिसले म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झालेल्या. थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नव्हते. मी विचारलं, मधे कधी बरं वाटतं का? बाई गप्प. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "माहेरी गेली का ठणठणीत राहते. इथं आली का नाटकं सुरू."

श्रोतेहो, निदान सासूबाईंच्या तोंडून आलं होतं, आणि घरात तेच वाक्य आरोप म्हणून फिरत होतं! मी बाईंना माहेराबद्दल विचारलं. "मायच्या घरी कूलर नाही जी, आंगणात निजतो." सासरी कूलर पलंगाला लागून. नवऱ्याला त्याचे फोटो आणायला सांगितले. गवताचा काळपट हिरवा लगदा झालेला, टाकीच्या तळाशी बोटभर बुळबुळीत गाळ. तीन उन्हाळे गवत बदललेलं नव्हतं. सीटी स्कॅन आणि बाकीच्या तपासण्या जुळल्या. कूलर काढला, काही महिने स्टेरॉइड दिलं, धाप पुष्कळ कमी झाली. फुप्फुसाचा जो भाग निबर झाला होता तो मात्र परत आला नाही. आणि दोन वर्षं 'नाटकी' म्हणवून घेतलं, त्याला औषध कुठून आणू? [सभागृह स्तब्ध]

या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. श्वासावाटे गेलेल्या कणांवर शरीर चवताळतं आणि फुप्फुस सुजतं. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमधल्या पडद्यांच्या आजारांची देशातल्या २७ केंद्रांत केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच आजार होता, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा कूलरशी संबंध होता. प्रत्येकाचं कारण कूलरच, असं यावरून सिद्ध होत नाही. पण प्रश्न विचारायला एवढं पुरेसं आहे.

एक चिठ्ठी आली आहे: 'आमच्या आज्या वाळ्याच्या ताट्यांमागे निजल्या, त्यांना काही झालं नाही.' अहो, त्या ताट्या उन्हात खडखडीत वाळत आणि घर उघडं असे. आज टाकीत आठवडाभर तेच पाणी फिरतं. शिवाय हा आजार सगळ्यांना होत नाही. ज्याचं शरीर चिडतं त्याला होतो. दुसरी चिठ्ठी: 'एसी विकायला आलात का?' [हशा] नाही. कूलर वापरा, पण स्वच्छ ठेवा. समोर बसलेल्या माझ्या डॉक्टर मित्रांनी मान हलवली; दवाखान्यात गर्दी असते, मला मान्य आहे. पण 'घराबाहेर बरं वाटतं का?' या प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे, म्हणून उपाय झटपट सांगतो. दर हंगामात गवत बदला. टाकी वरचेवर रिकामी करून घासा. कूलर बंद करण्याआधी पंप बंद करून नुसता पंखा चालवा, गवत वाळू द्या. समोरची खिडकी उघडी ठेवा. भिंतीला ओल असेल तर आधी गळका नळ, गच्चीची भेग शोधा. ओलीवर रंग मारला तर बुरशी पुन्हा वर येते. फरशी, टाइल साबणपाण्यानं घासून कोरडी करा. भिजकी गादी, उशी टाकून द्या. ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. दम्याच्या माणसाला हे सफाईचं काम देऊ नका. बुरशी कोणत्या जातीची, हे प्रयोगशाळेत तपासण्यात पैसे घालवू नका. दिसली की काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनंही बुरशीचा 'सुरक्षित' आकडा दिलेला नाही, ओल होऊ देऊ नका असंच सांगितलं आहे. आणि टीबीच्या गोळ्या चालू असतील तर माझं ऐकून स्वतःहून बंद करू नका. टीबी असेल तर त्याच जीव वाचवतात.

उद्या सकाळी कूलरची जाळी काढून गवत बघा. आणि घरातली सून, मुलगा, म्हातारी आई, कुणीही 'बाहेरगावी मला बरं वाटतं' म्हणालं, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.

[टाळ्या]