विजेला परतीची वाट द्या

गतवर्षीं आमच्या गांवच्या पंपघरांत एका तरुण वायरमनावर निष्काळजीपणाचा ठपका आला. विहिरींत पाणी भरपूर असतांनाहि रात्रीं पंप मधेंच बंद पडे, आणि मुलगा पाळीवर झोपतो असें जो तो म्हणे. त्याचा चार दिवसांचा पगारहि कापला गेला. तो माझा जुना विद्यार्थी. मोटरीचा वेग कमीजास्त करणारा नवा ड्राइव्ह बसविला, तेव्हांपासून हा प्रकार सुरू झाला होता; आणि पंप चालू होतांच शेजारीं माझ्या घरीं रेडिओवर मध्यम लहरींत खरखर उठे. त्या खरखरीनेंच मला शंका आली कीं, दोष मुलाचा नसून तारांचा असावा. एका जाणत्या कारागिराला घेऊन आम्ही पंपघरांत गेलों. तेथें जें शिकलों तें आज सांगतों.

हा ड्राइव्ह ४१५ व्होल्टांच्या तीन फेज विजेपासून प्रथम सुमारें ५८५ व्होल्टांची एकाच दिशेनें वाहणारी वीज तयार करितो. मग ती सेकंदाला कांहीं हजार वेळां जोडून तोडून मोटरीला देतो. प्रत्येक वेळीं दाब एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनहि कमी वेळांत उडी घेतो. मोटरीची केबल व भोंवतालचें लोखंड यांच्यामध्यें आपोआपच एक लहानसा कपॅसिटर झालेला असतो. त्यांतून दर उडीसरशी थोडा प्रवाह बाहेर निसटतो.

आतां मुख्य गोष्ट. निसटलेला प्रवाह जमिनींत गडप होत नाहीं. ज्या ड्राइव्हांतून तो निघाला, तेथेंच त्याला परत यावें लागतें. आपण जवळची वाट दिली नाहीं, तर तो छताचें लोखंड, पाण्याचे नळ, शेजारच्या तारा, मिळेल तिकडून घरीं येतो, आणि वाटेंत दुसऱ्यांची शांतता मोडतो.

पंपघरांत तीन चुका दिसल्या. पाण्याची पातळी सांगणारी शून्य ते १० व्होल्टांची नाजूक तार मोटरीच्या केबलला बांधूनच नेली होती. तिच्यांत गडबड शिरून यंत्राला विहीर रिकामी वाटे. ड्राइव्ह रंग दिलेल्या पत्र्यावर बसविला होता. रंगामुळें धातूला धातु लागत नव्हता. तिसरी चूक सर्वांत फसवी. केबलवरील जाळी पिळून तिची १० सेंटिमीटरची शेंडी केली होती व ती एका स्क्रूखालीं अडकविली होती. ५० सायकलच्या विजेला एवढी तार मुळींच अडवीत नाहीं. पण सेकंदाला एक कोटि आंदोलनें घेणाऱ्या प्रवाहाला तीच सुमारें ६ ओहमांचा अडथळा करिते. मीटरवर अर्थिंग उत्तम, आणि प्रत्यक्षांत वाट बंद!

उपाय साधे होते. पत्र्याचा रंग खरवडून ड्राइव्ह उघड्या धातूवर घट्ट बसविला. मोटरीची केबल शक्य तितकी आंखूड केली, आणि तिच्या जाळीला ड्राइव्हकडे व मोटरीकडे, दोन्ही टोकांना, सर्व बाजूंनीं वेढणारे क्लॅम्प लावले. पातळीची तार पिळाच्या जोडीची व जाळीची घेऊन ३० सेंटिमीटर दूर नेली. जेथें ती केबलला ओलांडते तेथें काटकोनांत ओलांडली. विजेच्या आगमनावर, ड्राइव्हला अगदीं लागून, फिल्टर बसविला. सुरक्षिततेची अर्थिंगची तार मात्र आपल्या जागीं कायम ठेवली. खरखर घालविण्यासाठीं ती सोडणें म्हणजे माणसाच्या जिवाशीं खेळणें होय. वीज बंद केल्यावरहि ड्राइव्हांतील कपॅसिटरांत घातक दाब कांहीं मिनिटें राहतो. म्हणून यंत्रावर लिहिलेला वेळ थांबून, मीटरनें खात्री करूनच आंत हात घातला.

त्या रात्रीं पंप अखंड चालला. माझ्या रेडिओची खरखर पुष्कळ उतरली. पुढें मुलाचा कापलेला पगारहि परत मिळाला.

शाळेंत मीं वर्षानुवर्षें फळ्यावर विजेचें पुरें वर्तुळ काढलें. पण त्याचा अर्ध्या वर्तुळाचा अर्थ म्हातारपणीं पंपघरांत कळला. वीज पाठवितांना ती परत कशी येईल याचा विचार आपण करीत नाहीं, आणि यंत्र अडलें कीं जवळच्या माणसाला दोष देतों. श्रोतेहो, आपल्या कारखान्यांत असें कांहीं घडलें, तर माणसाचा पगार कापण्यापूर्वीं केबलची शेंडी तपासून पाहा, एवढीच विनंति.