माना वर आल्या की थांबा

श्रोतेहो, पौषातली सकाळ. निफाड तालुका गारठलेला, नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर धुकं, आणि बांधावरच्या गवतातून चालताना दहिवरानं पाय भिजलेले. दुर्बिणीची काच पुसावी तेवढी कमीच. असल्या हवेत काय दिसणार, म्हणून पुष्कळजण घरी बसतात. अहो, याच वेळी बदकं काठाशी निर्धास्त चरत असतात. धुक्यात आपण त्यांना उशिरा दिसतो, तीही आपल्याला उशिराच दिसतात. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे : माना वर आल्या की थांबा.

थापट्या बदकांचा थवा बघा. सगळ्यांच्या चोची पाण्यात. आपलं पाऊल वाजलं की एक मान वर येते, मग चार, मग सगळ्या. चरणं तिथंच थांबतं. आणखी एक पाऊल टाकलंत की थवा उठलाच. उडत्या थव्याचा फोटो छान येतो, म्हणून काहीजण मुद्दाम टाळ्या वाजवतात, खडे मारतात. हे करू नका हो!

आपल्याकडे जेवणाऱ्याला भरल्या ताटावरून उठवत नाहीत. पंगतीत वाढपीसुद्धा जपून पाऊल टाकतो. त्यातून पाहुणा लांबचा असेल तर त्याचं जेवण होईपर्यंत त्याला कुणी हाकही मारत नाही. इथले पट्टकदंब हिमालय ओलांडून आलेले आहेत. ७ हजार मीटरच्याही वर उडताना त्यांची नोंद झाली आहे. आणि थापट्याचं जेवण काही चार घासांत उरकणारं नव्हे. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते, त्यांतून पाणी गाळायचं आणि मागे राहतील त्या बिया, ते बारीक जीव खायचे. ही पंगत लांबतच जाते. हिवाळा सरताना परतीची वाट धरायची, तर त्याआधी अंगावर चरबी चढायला हवी. वारकरी पक्ष्याला तर पाण्यावर पाय मारत धावल्याशिवाय उडताच येत नाही. त्याला उठवलं की ती सगळी ताकद फुकट जाते. पानावरून उठवणारा शिकारी पक्षी भोवत्या आहेच, पण त्याला स्वतःचं पोट भरायचं असतं. आपल्याला काय मिळतं?

तेव्हा पुन्हा सांगतो, माना वर आल्या की थांबा. पुढं जाऊ नका, बोटही दाखवू नका. चापडगावच्या बाजूला निरीक्षणाचे मनोरे आहेत, तिथं बसा. नाहीतर पाणकणसाच्या आडोशाला बसा. माना खाली जाऊन चरणं सुरू झालं, की तुम्ही त्यांच्या लेखी नाहीतच. मग जांभळी पाणकोंबडीसुद्धा बाहेर येते, पायाच्या लांब बोटांत कोंब धरून खाते. हे चालत्या माणसाला दिसत नाही.

२०२०च्या जानेवारीत नांदूर मधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून लोकांचं येणं वाढलंय. यावंच. इथल्या बंधाऱ्यामागं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, त्यातून ही दलदल कशी तयार झाली, तेही सांगायचं होतं. पण वेळ संपल्याची खूण झाली आहे. रविवारी जाणार असाल तर लाल-पांढरे कपडे नकोत, मातकट रंगाचे घाला. आणि मुलांना गाडीतून उतरण्याआधीच मानांचं सांगून ठेवा.