दिव्याखालचा अंधार
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जनसंस्कृती आणि विचारसरणी : मार्क्सवादी चिकित्सा’ हा फलकावरचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या आम्ही पाहिल्या. नाव जड आहे, पण गोष्ट रोजचीच आहे. म्हणून सुरुवात पुस्तकापासून न करता एका घाटापासून करू.

आम्ही काही जण महानगरी एक्सप्रेसने वाराणसीला गेलो होतो. संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर पोहोचलो. अठराव्या शतकात हा घाट नानासाहेब पेशव्यांनी बांधला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. त्यामुळे मराठी माणसाला तो परका वाटत नाही. सूर्य मावळला की ओळीने मांडलेल्या चौथऱ्यांवर एकसारख्या पोशाखातले तरुण पुजारी उभे राहतात. शंख, घंटा, ध्वनिक्षेपक आणि पितळेच्या मोठमोठ्या दीपारत्या. सगळ्यांचे हात एकाच लयीत फिरतात. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, पाण्यात नावांची दाटी असते. माणसे हात जोडतात आणि लगेच त्याच हातांनी मोबाईल वर धरतात. नदीला ओवाळणे फार जुने आहे. पण आजची ही भव्य मांडणी १९९० च्या दशकात आकाराला आली.

आम्हालाही ते सुंदर वाटले, हे आधीच कबूल करतो. परतताना मात्र एका सोबत्याने विचारले, “आपल्या द्वारसभेला पन्नास माणसे जमवताना दमछाक होते. इथे कोणी परिपत्रक काढत नाही, तरी रोज घाट भरतो. असे का?”

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. एक, लोक अडाणी आहेत. दुसरे, हा श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यावर बोलूच नये. पहिल्या उत्तरात कामगाराचा अपमान आहे आणि दुसऱ्यात आपल्या बुद्धीचा. तिसरे उत्तर शोधायचे तर थोडे दूर जावे लागेल.

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२३ साली समाजशास्त्रीय संशोधनाची एक संस्था निघाली. तिथल्या विचारवंतांना एक प्रश्न छळत होता : युरोपात एवढा संघटित कामगारवर्ग असताना फॅसिझम कसा वाढला? १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्यापैकी होर्कहायमर आणि आडोर्नो अमेरिकेत पोहोचले. तिथे त्यांनी चित्रपट, रेडिओ, जाहिराती यांचा कारखाना पाहिला आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याला नाव दिले ‘संस्कृती-उद्योग’. ‘जनसंस्कृती’ हा शब्द त्यांनी जाणून टाळला. कारण त्या शब्दाने असे वाटते की ही संस्कृती जनतेतूनच उगवली. प्रत्यक्षात ती वरून, हिशेब करून, माल काढावा तशी काढली जाते आणि जनता तिचे गिऱ्हाईक होते.

त्यांचे आणखी एक म्हणणे आपल्याला जवळचे वाटेल. यंत्राच्या तालावर थकलेला माणूस विरंगुळा शोधतो तो उद्या पुन्हा त्याच कामावर उभे राहता यावे म्हणून. आणि मिळणारा विरंगुळाही कामासारखाच साचेबंद असतो. आरएमएसमध्ये रात्रभर पत्रे लावून सकाळी घरी आलेला सॉर्टर मोबाईलवर एकामागून एक चित्रफिती सरकवत बसतो. बोटे तेच काम करीत राहतात. रात्रीच्या कामाची मजुरी निदान हाती पडते; या कामात नफा दुसऱ्याचाच.

आता आपल्याच खात्यातला दाखला घ्या. जुलै २०१६ पासून टपाल कार्यालयांत बाटलीबंद गंगाजल विकायला आले. ज्याला गंगेपर्यंत जाता येत नाही त्याच्या घरी ते पोहोचावे, यात भाविकाची काही चूक नाही. पण त्या बाटलीकडे पाहा. त्यात नदी दिसते, पावित्र्य दिसते. ती भरणारा, चढवणारा, उतरवणारा आणि सायकलवरून वाडीवस्तीवर नेणारा ग्रामीण डाक सेवक दिसत नाही. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’मध्ये क्रयवस्तूची जी जादू उलगडून दाखवली ती हीच. माणसामाणसांतले संबंध वस्तूच्या आड लपतात आणि वस्तूच जणू आपल्या अंगच्या सामर्थ्याने चालू लागते.

विचारसरणी म्हणजे निव्वळ थाप, अशी आपली समजूत असते. ती पुरेशी नाही. उजेड कुठे पाडायचा आणि कुठे नाही, या मांडणीतही विचारसरणी असते. घाटावर उजेड चौथऱ्यांवर असतो. नाव वल्हवणारा मल्लाह, रात्री पायऱ्या झाडणारा सफाई कामगार, फुलांच्या टोपल्या घेऊन फिरणारी मुले अंधारात असतात. प्रवाशांना तिथवर सुखरूप आणणारा ट्रॅकमन तर चित्रात कुठेच नाही. दिव्याखाली अंधार, ही म्हण आपल्या आज्यांनी उगीच केलेली नाही.

पण आडोर्नोवर आम्ही इथेच थांबणार नाही. त्याच्या लिखाणात सामान्य माणूस फार लवकर हार मानतो. इटलीचा ग्राम्शी १९२६ ते १९३७ या काळात मुसोलिनीच्या कैदेत होता. तिथल्या वह्यांत त्याने लिहून ठेवले ते आपल्या अधिक कामाचे आहे. वर्चस्व केवळ दंडुक्याने टिकत नाही, लोकांच्या संमतीने टिकते. आणि संमती रोज नव्याने मिळवावी लागते. म्हणजे ती रोज नाकारताही येते. सामान्य माणसाच्या समजुतीत भाबडेपणा असतो तसे शहाणपणही असते. याच काशीत २०१८ साली बडी क्रूझ नौका आली तेव्हा पोटावर पाय येतो म्हणून नावाड्यांनी विरोध केला. गंगेला आई म्हणणारीच ती माणसे. त्यांच्या श्रद्धेने त्यांना गप्प बसवले नाही.

आरती संपल्यावर आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. गर्दी ओसरली तेव्हा एक म्हातारी खाली आली. तिने पानाच्या द्रोणात वात पेटवली, द्रोण पाण्यात सोडला आणि तो दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. तासभर ती प्रेक्षक होती. त्या क्षणी ती कर्ती झाली. आपली चिकित्सा त्या म्हातारीविरुद्ध नाही. तिला प्रेक्षक करून ठेवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आहे.

हा विवेक आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबींनी शिकवला. गणिताचा हा पंडित पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने कामावर जाई आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या आसपासची गावे पायी तुडवी. म्हसोबाला शेंदूर फासणाऱ्या धनगराला त्यांनी हसण्यावारी नेले नाही. हा देव कुठून आला, कोणत्या वाटेने आला, कोणत्या कामाशी जोडलेला आहे, हे विचारले. १९६२ सालचे त्यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ अशा पायपिटीतून उभे राहिले.

शेवटी स्वतःकडे पाहू. आपल्या अधिवेशनात काय असते? उंच व्यासपीठ, मोठे फलक, पाहुण्यांचे हार, दोन तासांची भाषणे, आणि खाली बसलेला सभासद टाळ्या वाजवणारा. आपणही एक छोटा घाटच बांधला आहे. फक्त आरती तेवढी सुरेल नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक काढले. त्या मंचावर गिरणगावाला आपलेच जगणे दिसले.

तेव्हा ‘असे का’ याचे आमचे उत्तर हे : घाटावर थकल्या जिवाला सौंदर्य आणि सोबत मिळते, आपण त्याला नुसते परिपत्रक देतो. ही भूक खरी आहे. ती भागवायची तर पुढच्या द्वारसभेत एक करून पाहा. पदाधिकाऱ्यांनी खाली बसावे. पॉइंट्समन, सॉर्टर, सफाई कामगार भगिनी यांनी आपल्या एका पाळीची हकीगत पाच मिनिटांत सांगावी. कोणाला गाता येत असेल तर गावे. पन्नासच माणसे आली तरी चालतील. पन्नासांपैकी प्रत्येकाच्या हातात एक द्रोण असला पाहिजे.