प्रत्यक्ष कामाचे शिक्षण आणि त्याचा खर्च
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात मेहरूण येथे केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो आणि त्यांची छायाचित्रे स्मरणिकेत छापतो. त्यात आम्हांसही आनंदच वाटतो. परंतु आज ज्या विद्यार्थ्याविषयी आम्ही बोलणार आहो, त्याचे छायाचित्र या पानांत नाही आणि त्यास कारण आम्हीच आहो.

मेहरूणच्या तळ्याजवळच राहणारा हा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास होता. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याला पुण्याकडील एका कारखान्यात दोन महिने प्रत्यक्ष काम शिकण्याची संधी आली. पगार नव्हता. खोलीची अनामत, भाडे, खानावळ व जाण्यायेण्याचा खर्च धरून त्याने बारा हजार रुपयांचा अर्ज मंडळाकडे केला. अर्ज चैत्रात आला आणि कार्यकारिणीची सभा भरली आषाढात. शिवाय आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत महाविद्यालयाची फी व पुस्तके एवढेच शब्द आहेत. खानावळीचे नाव नाही. आम्ही नियम पाहिला आणि मुलाकडे पाहिले नाही. त्याने इकडेच कोणाच्या तरी ओळखीने काम केल्याचा दाखला मिळविला. दाखल्यावर शिक्का होता, परंतु त्या दोन महिन्यांत त्याच्या हातास यंत्राचे तेल लागले नव्हते. पुढे मुलाखतीत यंत्राविषयी साधा प्रश्न निघाला, तेव्हा तो निरुत्तर झाला. हे त्यानेच आम्हांस सांगितले, आणि तेही कसलाही रोष न दाखविता. तो रागावला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

असे प्रसंग यापुढे अधिक येणार आहेत. पूर्वी पदवी घ्यावी आणि मग उमेदवारी करावी असा क्रम होता. आता उमेदवारी अभ्यासक्रमाच्या आतच आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या नव्या अभ्यासक्रमांत कामाच्या जागी घेतलेल्या प्रशिक्षणास श्रेयांक मिळू लागले. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेणाऱ्यास तीन महिन्यांत निदान ५०० तास प्रत्यक्ष काम करावे लागते. बी. एड्. दोन वर्षांचे झाले तेव्हापासून त्यात वीस आठवडे शाळेत शिकविण्याचा अनुभव घ्यावा लागतो. वैद्यकीचा विद्यार्थी आंतरवासितेत विद्यावेतन घेतो. इतरांपैकी पुष्कळांना मात्र काम फुकट करावे लागते, आणि वर राहण्याखाण्याचा भार घरावर पडतो.

कोणी म्हणेल, सरकारी योजना थोड्या आहेत काय? थोड्या नाहीत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्यात आले आणि २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरविले. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून बारावी झालेल्यास ६,०००, आय. टी. आय. किंवा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये दरमहा देऊ केले. त्याच वर्षी केंद्राने पंतप्रधान इंटर्नशिप योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. तीत महिना ५,००० रुपये होते. परंतु या योजनांच्या अटी नीट वाचाव्यात. त्यांचा मुख्य रोख शिक्षण संपवून कामाच्या शोधात असलेल्या तरुणाकडे आहे. पंतप्रधान योजनेत तर पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी पात्रच धरला नव्हता. म्हणजे पदवी हाती आल्यावर साहाय्य आहे. पदवी मिळविण्यासाठी जे काम करावे लागते त्यास नाही. आमचा विद्यार्थी नेमका या फटीत पडतो.

‘कमवा व शिका’ हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे तत्त्व महाराष्ट्राने उचलले, आणि आपल्या विद्यापीठांतही त्या नावाची योजना चालते. ती चांगलीच आहे. परंतु ग्रंथालयात किंवा बागेत दोन तास काम करून चार पैसे मिळविणारा मुलगा प्रशिक्षणास परगावी गेला की ती मिळकतही थांबते. दिवसभर कारखान्यात उभे राहून त्याने आणखी कधी कमवावे?

आपल्या खानदेशातलेच एक उदाहरण सांगतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंते होऊन बाहेर पडले. त्यांच्या पुण्याच्या शिक्षणास म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती होती. १८८४ साली ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले, आणि आरंभीच्या कामांतच त्यांना धुळ्याकडे दातर्ती येथे पांझरेच्या खोऱ्यात पाणी पलीकडे नेणारा नळांचा सायफन बांधावा लागला. पुस्तकातले पाणी आणि पांझरेचे पाणी यांतील अंतर त्यांनी इथे पाहिले असेल. पण शिकत असता शिष्यवृत्ती आणि हाताने काम करीत असता वेतन, असे दोन्ही वेळी कोणीतरी त्यांच्या पोटाची काळजी वाहत होते, हे विसरू नये. परदेशांतही हा प्रश्न आता उघडपणे बोलला जातो. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १ जुलै २०२५ पासून शिक्षक, परिचारिका, सुईणी व समाजकार्य यांच्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्रात्यक्षिक काळात, उत्पन्नाची अट घालून, दर आठवड्यास भत्ता देण्यास आरंभ केला.

भगिनींनो, मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलतो. मुलास परगावी पाठविताना घरात पैशाचा विचार होतो; मुलीच्या बाबतीत पैसा पुढे करून दुसरीच भीती बोलली जाते. “एवढा खर्च कशाला, जळगावातच बघ” असे म्हणून विषय मिटतो. त्यातून वेळ उन्हाळ्याची. आखाजी तोंडावर, पुढे बियाण्या-खताची जुळवाजुळव, घरात रोकड नाही. अशा दिवसांत आईने हातच्या पाटल्या काढून दिलेली घरे आम्ही पाहिली आहेत. त्या मातांस आम्ही नमस्कार करतो. परंतु पाटल्यांवर समाजाने विसंबून राहावे हे आम्हांस मान्य नाही. पुणे, नाशिक, मुंबई, सुरत येथे आपली कुटुंबे स्थिरावली आहेत. त्यांनी दोन महिन्यांपुरती एका मुलीस घरात जागा दिली, तर निम्मा खर्च आणि बहुतेक भीती तेथेच संपेल. वर्गणीपेक्षा हे साहाय्य अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पाहुण्या मुलीचा डबा रोज सकाळी भरावा लागतो.

आता आमची मागणी. शिष्यवृत्ती निधीपासून वेगळा असा प्रशिक्षण-साहाय्य निधी मंडळाने उभारावा. अर्जासोबत कामाच्या जागेचे पत्र पाहावे, गुणपत्रिका पाहू नये. तीन जणांची उपसमिती असावी आणि तिने आठ दिवसांत निर्णय द्यावा, सभेची वाट पाहू नये. रक्कम दरमहा विद्यार्थ्याच्याच खात्यात जावी. निम्मी रक्कम देणगी समजावी; उरलेली नोकरी लागल्यावर, बिनव्याजी, जमेल तशी परत यावी. ती न आल्यास तगादा लावू नये. हिशेबनीस या अटीवर नाराज आहेत, व त्यांची नाराजी रास्तही आहे. तरी पहिली तीन वर्षे आपण एवढा विश्वास टाकून पाहू.

आणखी एक. साहाय्य घेणाऱ्याचे नाव स्मरणिकेत छापू नये. देणाऱ्याचे अवश्य छापावे, मोठ्या अक्षरांत छापावे. परंतु घेणाऱ्यास गावात मान वर करून फिरावयाचे असते.

ज्या मुलाची हकीकत सांगितली, तो आज या मंडपात आहे. त्याची अनुमती घेऊनच आम्ही बोललो. त्याची धाकटी बहीण औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेस आहे आणि येत्या उन्हाळ्यात तिचे ५०० तास सुरू होतील. तेव्हा चैत्राआधी उपसमिती नेमली जावी म्हणून हा ठराव आम्ही आजच सभेपुढे मांडतो. कोणी तरी अनुमोदन द्यावे, ही विनंती.