मज्जारज्जूची इजा आणि शरीराचा कारभार

मेडिकल कॉलेजांच्या शरीरक्रियाशास्त्र विभागांत रक्तदाब, घाम, श्वास, मूत्राशय यांवर संशोधन चालते. निरोगी माणसात या साऱ्यांचा कारभार मुकाट चाललेला असतो. तो किती गुंतागुंतीचा आहे हे मज्जारज्जूला इजा झाल्यावर उमगते. अशा रुग्णांसाठी पुण्यात खडकीला दोन मोठी ठिकाणे आहेत: लष्करी रुग्णालयातील मज्जारज्जू केंद्र आणि १९७१च्या भारत-पाक युद्धानंतर, १९७४ साली उभे राहिलेले पॅराप्लेजिक (पाय लुळे पडलेल्यांचे) पुनर्वसन केंद्र.

मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. मानेशी तो तुटला तर हातपाय लुळे पडतात, आणि इतरही बरेच काही बिघडते. इजेखालच्या कातडीला नीट घाम सुटत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात अंग तापत जाते. रुग्णाला उठवून बसवले की रक्त पायांत साठते, रक्तदाब उतरतो, भोवळ येते.

कधी याच्या अगदी उलट घडते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल आणि मूत्राशय तुंबले, तर रुग्णाला ते जाणवत नाही. पण इजेखालच्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात. रक्तदाब भराभर चढतो. मानेतल्या धमन्यांना तो कळतो, मेंदू नाडी मंद करतो. मात्र रक्तवाहिन्या सैल करण्याचा हुकूम खाली पोचत नाही. डोके ठणकते, चेहरा घामाने डबडबतो, आणि वेळ गेली तर जीव जाऊ शकतो. उपाय साधा आहे: रुग्णाला ताठ बसवायचे आणि लगेच लघवी काढून द्यायची.

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक जखमी मूत्रमार्गाचा संसर्ग आणि अंथरुणातल्या जखमांनी दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची निगा आणि खेळ यांची शिस्त घातली. त्यांनी १९४८ साली रुग्णांसाठी भरवलेल्या स्पर्धांतूनच पॅरालिम्पिक उभे राहिले. १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारतासाठी सुवर्णपदक मिळवले.

प्रत्येक मज्जारज्जू युद्धातच तुटतो असे नाही. रस्त्यावरचे अपघात, झाडावरून किंवा गच्चीवरून पडणे हीही मोठी कारणे आहेत. अशा जखमीला घाईने उचलून रिक्षात कोंबू नका. त्याची मान आणि पाठ सरळ, स्थिर ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.